काउंट वर आले, पुढे काय?

ज्या प्रत्यारोपणाची महिनोन्‌महिने धास्ती घेतलेली असते, ते प्रत्यक्ष होतं तेव्हा पाहण्यासारखं फारसं काही नसतं. ऑपरेशन थिएटर नाही, टाके नाहीत, भूलही नाही. रक्ताच्या पिशवीसारखी दिसणारी एक पिशवी स्टँडला लागते, छातीतल्या नळीतून थेंबथेंब आत जाते आणि बोर्डावर ‘डे झिरो’ लिहिलं जातं. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीत एक चमत्कारिक वास भरतो. कुणाला तो लसणासारखा वाटतो, कुणाला उकडलेल्या मक्यासारखा. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांत डीएमएसओ नावाचं रसायन घातलेलं असतं आणि ते रुग्णाच्या श्वासावाटे बाहेर पडत राहतं. वास एक-दोन दिवसांत जातो. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असतो: एवढंच?

एवढंच नसतं, हे पुढच्या आठवड्यात कळतं. पण या लेखाचा विषय तो आठवडाही नाही. त्या दिवसांत रुग्णाची काळजी घ्यायला नर्स असतात, गाळलेल्या हवेची बंद खोली असते, रात्री तीन वाजता बेल दाबली की कुणीतरी येतं. खरी परीक्षा डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर सुरू होते. नातेवाईक पेढे मागतात, रुग्णाला वाटतं सुटलो, आणि जोडीदाराच्या हाती येते औषधांची पिशवी, थर्मामीटर आणि ‘काही वाटलं तर फोन करा’ ही सूचना. त्या ‘काही’मध्ये काय काय मोडतं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

मूळ पेशींचं प्रत्यारोपण म्हणजे लोक ज्याला बीएमटी म्हणतात तेच. त्याचे ढोबळ दोन प्रकार. मल्टिपल मायलोमासारख्या आजारात रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून ठेवतात, मग मेलफलानचा जबरदस्त मोठा डोस देतात, आणि त्या डोसने उजाड झालेल्या अस्थिमज्जेसाठी त्याच पेशी परत सोडतात. इथे आजारावरचं खरं औषध ती केमोथेरपी असते आणि पेशी म्हणजे तिच्यातून जिवंत बाहेर पडण्याची सोय. दुसऱ्या प्रकारात पेशी दुसऱ्याच्या असतात. ल्युकेमियात, अप्लास्टिक अ‍ॅनिमियात, थॅलेसेमियात असं करतात. इथे नुसतं रक्तच नाही, सगळी प्रतिकारशक्तीच नवी येते. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही बदलतो. चाळीस वर्षं ‘ओ पॉझिटिव्ह’ असलेला नवरा बहिणीच्या पेशींमुळे ‘बी पॉझिटिव्ह’ होतो.

नवरा-बायको एकमेकांचे दाते होण्याचा योग फार क्वचित येतो. पेशींची जुळणी ज्या एचएलए खुणांवरून होते, त्या आईवडिलांकडून येतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आईवडील किंवा मुलांशी निम्मी जुळणी ठरलेलीच. ‘मीच देते की माझ्या पेशी’ असं कितीही मनापासून म्हटलं तरी जीवशास्त्र ऐकत नाही. जोडीदाराच्या वाट्याला वेगळं काम येतं, आणि या उपचाराच्या इतिहासातही ते तसंच आलेलं दिसतं. एडवर्ड डॉनल थॉमस यांनी १९५६ साली अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णाला त्याच्या जुळ्या भावंडाची अस्थिमज्जा दिली. पुढची कित्येक वर्षं अपयश पचवत त्यांनी हा उपचार उभा केला आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. या सगळ्या काळात त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर होत्या. पत्रकारितेचं शिक्षण सोडून त्या लॅब टेक्निशियन झाल्या, नंतर संशोधनाचं लिखाण आणि अनुदानांचा सगळा व्याप त्यांनी सांभाळला. सहकारी डॉन थॉमस यांना या उपचाराचे जनक म्हणत आणि डॉटींना जननी. नोबेल मात्र या दोघांपैकी एकालाच मिळालं. जोडीदाराच्या कामाची नोंद होत नाही ही तक्रार इतकी जुनी आहे.

आपल्याकडे पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून झालं. आज टाटाचं बीएमटी केंद्र खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे, आणि पुण्यामुंबईच्या काही खासगी रुग्णालयांतही हे उपचार होतात. म्हणजे जळगाव, चंद्रपूर, लातूरकडच्या माणसाला घरदार सोडून शहरात येऊन राहणं आलंच. स्वतःच्या पेशी असतील तर साधारण महिनाभर, दुसऱ्याच्या असतील तर शंभर दिवस. रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहा, असं सांगतात. एक खोली, एक गॅसची शेगडी, एक कुकर, आणि त्यात दोघं. शेती दिराकडे, मुलं आजीकडे. पैशांसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यातच भेटावं. मुख्यमंत्री सहायता निधी, विश्वस्त संस्था यांचे अर्ज वेळखाऊ असतात आणि रुग्णाच्या उशाशी बसून भरता येत नाहीत.

आता शंभर दिवसांच्या त्या ‘काही’कडे येऊ. डिस्चार्ज देतात तो काउंट वर आले म्हणून. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असं धरतात. स्वतःच्या पेशींना याला दहा ते चौदा दिवस लागतात, दुसऱ्याच्या पेशींना दोन ते चार आठवडे. पण न्यूट्रोफिल म्हणजे पहाऱ्यावरचा सगळ्यात साधा शिपाई. विषाणूंना ओळखणाऱ्या, लहानपणापासूनच्या गोवर-कांजिण्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशी यायला महिने जातात, कधी वर्षं. रिपोर्टवर आकडा छान दिसतो आणि माणूस मात्र तान्ह्या बाळाइतका उघडा असतो. बाळाला निदान आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तरी असते.

म्हणून ताप. १००.४ फॅरनहाइट हा आकडा पाठ हवा. तेवढा ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, आणि विचारल्याशिवाय क्रोसिन द्यायची नाही, कारण ती ताप झाकते, जंतूला काही करत नाही. छातीतली किंवा दंडातली नळी फ्लश केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरली तर नळीतच जंतू शिरल्याची शंका धरून कळवायचं. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? रात्रीचे साडेअकरा. तिने हात लावून पाहिलं, अंग कढत.

“अहो, ताप बघू.”

“काही नाही गं. पंखा बंद होता म्हणून.”

“शंभर पॉइंट सहा आहे. मी फोन लावते.”

“सकाळी ओपीडी आहेच ना. आत्ता गेलो तर परत अ‍ॅडमिट करतील.”

या ठिकाणी बायकोने नवऱ्याचं ऐकू नये. परत अ‍ॅडमिट करतील हे खरंच आहे, आणि त्यासाठीच जायचं असतं. रुग्ण लपवतो, त्यात खोटेपणा नसतो. पुन्हा त्या बंद खोलीत जायच्या कल्पनेनेच त्याचा जीव घाबरा होतो. त्यामुळे रुग्णाबद्दलचं खरं डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे जोडीदाराचं पहिलं काम. फाइल, आधार कार्ड, दोन कपडे आणि चार्जर अशी पिशवी दाराशी भरून ठेवावी, रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर भिंतीवर लावावा. रुग्णालयात पोचल्यावर ‘बीएमटी पेशंट आहे, डे प्लस अमुक’ हे पहिलं वाक्य असावं, आणि रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएटेड आहे ना, हे विचारावं. साध्या रक्तातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी अशा रुग्णाच्या शरीरात धुमाकूळ घालू शकतात, म्हणून त्याच्यासाठीचं रक्त आणि प्लेटलेट किरणं देऊन घेतात. बीएमटी केंद्रात हे सगळ्यांना माहीत असतं; रात्री गाठलेल्या जवळच्या रुग्णालयात असेलच असं नाही.

एक वही करावी. दोनशे पानी, साधी. रोज एक पान: सकाळचं वजन, दोन वेळचा ताप, किती पाणी गेलं, किती वेळा शौचाला झालं आणि किती पातळ, कुठली गोळी उलटली, अंगावर काय दिसलं. ‘बरं आहे, जरा पोट बिघडलंय’ या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘काल पाच वेळा, आज नऊ वेळा, रंग हिरवट’ यातून पुष्कळ कळतं. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या माणसात या नोंदींना वेगळंच वजन येतं. नव्या पेशींना हे शरीर परकं वाटलं तर त्या त्याच्यावरच उठतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत तो मुख्यतः त्वचा, आतडी आणि यकृत यांवर येतो. तळहात, तळपाय, कानामागे पुरळ येतं, जुलाब होतात, डोळे पिवळे दिसतात. वैद्यकीय पुस्तकांत पुरळ ‘लाल’ म्हणून वर्णन केलेलं असतं. सावळ्या कातडीवर ते लाल दिसत नाही. काळपट, जांभळट दिसतं, किंवा नुसतंच खरखरीत लागतं. रोज आंघोळीनंतर खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर कालच्यापेक्षा आज वाढलंय का हे ठरवता येतं. गंमत अशी की याच पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरवरही तुटून पडतात. त्यामुळे हलका जीव्हीएचडी आला तर डॉक्टर फार हवालदिल होत नाहीत. घरचे होतात, आणि पेशी देणारी नणंद तर मनातल्या मनात अपराधी होऊन बसते: माझ्यामुळे दादाला त्रास. तिला दोष कुणाचाच नाही हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते वहिनीने सांगितलं तर जास्त पटतं.

औषधांत सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. नव्या प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी ही औषधं रक्तात कमी पडली तर जीव्हीएचडी, जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा. म्हणून त्यांची रक्तातली पातळी तपासतात, आणि ती पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी तपासायची असते. तपासणीच्या सकाळी गोळी खिशात घेऊन जायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. ही एक गोष्ट इतक्या घरांत चुकते की ओपीडीच्या दारावर रंगवून ठेवली तरी चालेल. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळं या औषधांची पातळी वाढवतात. ती पूर्ण बंद. बुरशीवरच्या गोळ्याही पातळी बदलतात, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरने लिहून दिलेलं साधं अँटिबायोटिकसुद्धा बीएमटीच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि काढा. काढ्याचं काय करायचं, हा आपल्याकडचा खास प्रश्न. कुणीतरी मावशी गुळवेलीचा काढा घेऊन येणारच, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून. तिला कसं सांगायचं की इथे लाख-लाख रुपयांची औषधं देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे? शिवाय यकृताचाही प्रश्न आहे. कोविडकाळात लोक गुळवेल प्यायला लागल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. काढा ठेवून घ्यावा, मावशीला चहा द्यावा, काढा मोरीत ओतावा.

मावशीलाही खरं तर दारातच थांबवायचं असतं, आणि ते काढ्याहून अवघड. आजारी माणसाला भेटायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य असतं. गेलं नाही तर वर्षभर बोल लागतो. सर्दी झालेला चुलत सासरा शहाळं घेऊन दारात उभा असतो. सुनेने त्याला ‘येऊ नका’ म्हणायचं कसं? इथे डॉक्टरांचा उपयोग करून घ्यावा. लेटरहेडवर ‘भेटायला येण्यास मनाई’ असं दोन ओळींत लिहून मागावं आणि दारावर चिकटवावं. बहुतेक डॉक्टर हसत लिहून देतात. वाईटपणा त्यांच्या नावावर जातो आणि घरची माणसं घरचीच राहतात.

घरातही काही बदल करावे लागतात. कुंड्या, तुळशीची माती, फुलदाणीतलं पाणी यांत बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून तुळशीला पाणी दुसऱ्या कुणीतरी घालायचं. कबुतरांची विष्ठा पडलेली गॅलरी रुग्णाने झाडायची नाही. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू असेल तर खिडक्या बंद आणि बाहेर पडताना एन-९५ मास्क, कारण अ‍ॅस्परजिलस ही फुप्फुस खाणारी बुरशी धुळीबरोबर येते. कोकणातल्या घरात पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल हा प्रत्यारोपणाआधीच सोडवायचा विषय आहे. दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम एक वर्ष राहिलं तर लक्ष्मी रागावत नाही. सगळ्यात कमी माहिती असलेली गोष्ट पोलिओच्या थेंबांची. पल्स पोलिओचे थेंब म्हणजे दुबळा केलेला पण जिवंत विषाणू, आणि तो बाळाच्या शीमधून काही आठवडे बाहेर पडत राहतो. घरात पाच वर्षांखालचं नातवंड असेल तर त्याच्या डोसाबद्दल आधी बीएमटी टीमला आणि बालरोगतज्ज्ञाला विचारावं. पोलिओची इंजेक्शनमधली लस निर्जीव असते. घरातल्या बाकी सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. जोडीदाराने तर घ्यावीच.

जेवणाबद्दल प्रत्येक रुग्णालयाचा कागद वेगळा असतो आणि तो वाचून घराघरांत भांडणं होतात. पूर्वी कच्चं काहीही नाही, सगळं कुकरमधूनच, असा कडक नियम होता. अलीकडच्या अभ्यासांत मात्र इतक्या कडक पथ्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं काही दिसलं नाही, म्हणून बरीच केंद्रं आता पथ्यापेक्षा स्वच्छतेवर भर देतात. तुमच्या केंद्राचा जो नियम असेल तो पाळावा, पण त्यामागचं तत्त्व ओळखावं: ताजं शिजवलेलं, गरम, दोन तासांच्या आत खाल्लेलं. आपल्या स्वयंपाकाची अडचण शेवटच्या मिनिटाला येते. डाळ छान उकळते आणि मग वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरली जाते. ती फोडणीत टाकावी. मोड आलेली मटकी उसळ करून चालेल, भेळेवर कच्ची नको. उसाचा रस, पाणीपुरी, लग्नातलं मठ्ठ्याचं पिंप विसरावं. घरच्या विरजणाचं दही कधी सुरू करायचं ते विचारून घ्यावं. तोंड आलेलं असतं, चव गेलेली असते, पाण्यालाही लोखंडाची चव लागते. जिने वीस वर्षं त्याच्या आवडीची आमटी केली, तिची आमटी तो एका घासात बाजूला सारतो. हे तिला लागतं. त्यात तिच्या हाताचा दोष नसतो. मऊ भात, पेज, तुपातलं पातळ वरण, दिवसातून सहा-सात वेळा चार-चार घास. जेवणाचा आग्रह हे आपलं प्रेम दाखवायचं साधन, आणि नेमकं तेच इथे कामाला येत नाही. ‘अजून दोन घास’वरून होणाऱ्या रडारडीपेक्षा वहीत ‘अर्धी वाटी’ लिहून उठणं बरं.

इथवर सगळं जागरूकपणाचं झालं. आता मला जे मुख्य म्हणायचंय ते असं, की ज्या सवयी पहिल्या शंभर दिवसांत जीव वाचवतात, त्याच पुढे नात्याच्या मुळावर येतात. पण रुग्णालयात त्या मोडायला कुणी शिकवत नाही, कारण सगळं शिक्षण पहिल्या टप्प्याचं असतं.

आठव्या महिन्यातलं घर पाहा. केस परत आलेत, मऊ, थोडे कुरळे. गोळ्या निम्म्या झाल्यात. तरी बायको अजून दर चार तासांनी कपाळाला हात लावते. तो बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला की दार वाजवते. त्याला भाजी आणायला जायचंय. ती म्हणते, राहू द्या, मी आणते. तो खोकला की सगळं घर थांबतं. त्याला घुसमटल्यासारखं होतं, तिला वाटतं आपण एवढं करतो आणि याला किंमत नाही. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर आगीत तेलच. त्याने झोप उडते, भूक खवळते, तोंड सुजतं, साखर वाढते, आणि शांत माणूस क्षुल्लक गोष्टीवरून ताट सरकवतो. राग औषधाचा असला तरी झेलावा तिला लागतो. ‘हे औषध बोलतंय’ असं मनाशी म्हणणं ठीक. पण रोजच्या ओरडण्याबद्दल डॉक्टरांना सांगायलाही हवं, त्यावर उपाय असतो.

थकव्याबद्दलही असाच गैरसमज होतो. हा थकवा झोपून जात नाही. महिनोन्‌महिने राहतो, आणि नुसतं पडून राहिल्याने स्नायू वितळून वाढतो. रोज थोडं चालणं, जिन्याच्या चार पायऱ्या, मग आठ, हा त्यावरचा उपाय. ‘तुम्ही पडा, मी करते’ हे प्रेमाचं वाक्य सहाव्या महिन्यानंतर अपकारक ठरतं. लसूण सोलणं, लाइटबिल भरणं, मुलाचा अभ्यास घेणं अशी कामं त्याच्याकडे परत द्यायची. विसराळूपणा येतो, बिल दोनदा भरलं जाईल; भरलं जाऊ दे. आणि यातलं पहिलं काम गोळ्यांचा डबा असावं. सुरुवातीला दोघांनी मिळून भरायचा, मग त्याने भरायचा आणि तिने बघायचा, मग बघायचंही नाही. अर्थात तपासण्यांचे आकडे स्थिर झाल्यावरच.

बायको रुग्ण असते तेव्हा चित्र बरंच वेगळं दिसतं. तिची आई किंवा बहीण येऊन राहते, नवरा औषधं आणि पैसे बघतो, आणि तीन महिन्यांनी आई गेली की घरात कुकर लावता न येणारा माणूस आणि जड भांडं न उचलू शकणारी बाई उरतात. त्यामुळे नवऱ्याने स्वयंपाक डे झिरोच्या आधी शिकावा. याला मी त्याग वगैरे म्हणणार नाही, ती तयारी आहे, जशी नळीची ड्रेसिंग शिकतात तशी. उलट, बायकोने सेवा केली की तिला सावित्री म्हणून मोकळं होणारी मंडळी आपल्याकडे भरपूर. सावित्रीला यमाशी वाद घालायचा होता, तोही एकदाच. तिला रात्री दोनला उठून उलटीची बादली धुवून सकाळी सातला मुलाचा डबा करायचा नव्हता. कौतुकाऐवजी मंगळवार आणि शुक्रवार अशा दोन रात्री कुणी येऊन झोपलं तर ते अधिक कामाचं.

हा विनोद नाही, त्यामागे अभ्यास आहे. २००७ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत प्रत्यारोपणाला सरासरी साडेसहा वर्षांवर लोटलेली जोडपी होती. रुग्णांइतकाच मानसिक भार जोडीदारांवरही दिसला; मात्र आधार कमी आणि एकटेपणा जास्त हा जोडीदारांच्याच वाट्याला आलेला होता. रुग्णाला ‘तू लढलास’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. जोडीदाराला विचारतात ते ‘ते कसे आहेत?’ असं. तिची बीपीची गोळी चार महिने बंद आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ओपीडीत रुग्णाची फाइल असते, तिची नसते. म्हणून स्वतःची तपासणी त्याच्या तपासणीच्या तारखेला बांधून टाकावी. तारीख लक्षात राहते. आणि तिला सर्दी झाली तर दोन दिवस सांभाळेल असा दुसरा माणूस आधीच ठरवून, शिकवून ठेवावा. हा माणूस नसणं ही साध्या घरांतली सगळ्यात मोठी उणीव, आणि ती पैशाने भरत नाही.

राहिला तो विषय, जो ओपीडीत कुणीच काढत नाही. सुरुवातीला दोघांना एकमेकांजवळ यायचीही भीती वाटते. जंतू लागतील म्हणून काही जोडपी महिनोन्‌महिने वेगळ्या खोलीत झोपतात. ताप-सर्दी नसेल, हात धुतलेले असतील तर मिठी मारायला, हात धरून बसायला कसलीच आडकाठी नसते. शरीरसंबंधांना मात्र नियम आहेत: प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर आल्याशिवाय नको, केमोनंतरच्या दिवसांत कंडोम हवाच, कारण औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत उतरतो. पुढे इच्छाच होत नाही असं होतं. पुरुषात हार्मोन घटतात. बाईची पाळी पस्तिशीत थांबू शकते, अंगातून वाफा निघतात, योनीमार्ग कोरडा पडतो, कधी जीव्हीएचडीने तिथे व्रणही होतात. हे सगळं उपचार करण्याजोगं आहे, पण सांगितलं तर. ‘जीव वाचला, आता हे काय काढायचं’ असं म्हणून गप्प बसलेली जोडपी पुष्कळ, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या मनाने लावत राहतो. मूल हवं असलेल्या तरुण जोडप्याने तर प्रत्यारोपण ठरण्याच्या सुमारासच शुक्राणू किंवा बीजांडं जपून ठेवण्याविषयी विचारायला हवं. नंतर उशीर झालेला असतो.

वर्षभराने बहुतेक जण कामाला लागलेले असतात, स्वतःच्या पेशीवाले त्याच्याही आधी. दुसऱ्याच्या पेशीवाल्यांचे डोळे कोरडे पडतात, तोंड जळजळतं, उन्हात गेल्यावर पुरळ उसळतं. जुनाट जीव्हीएचडीची ती चिन्हं असतात आणि दम लागणं हे त्यातलं सगळ्यात गंभीर. छत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर्षातून एकदा डोळे, दात, हाडं, थायरॉइड यांची तपासणी हे कायमचं मागे लागतं. लसीही पहिल्यापासून घ्याव्या लागतात. लहानपणी टोचलेलं सगळं पुसलं गेलेलं असतं, म्हणून पन्नाशीच्या माणसाला सहाव्या महिन्यापासून घटसर्प, धनुर्वात, न्यूमोनियाच्या लसी पुन्हा सुरू करतात. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात. त्या दोन वर्षांनंतरच, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बंद झालेल्या असतील तर. त्या तारखेला बायकोला सोबत न्यायचं की लोकल पकडून एकट्याने जायचं, हे तोवर त्याचं त्याने ठरवायला लागलेलं असावं.